काकड्याच्या नावाचं पाणी

ऊन उतरलं की भारती घमेल्यात शेणी रचायची, त्यावर कडुनिंबाचा ओला पाला टाकायची आणि पेटतं घमेलं उचलून नेमकं कुंपणाशी नेऊन ठेवायची. रानशेतला संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून येतो आणि धाकट्या जावेचं, दक्षाचं घर पूर्वेला. म्हणजे शेणी भारतीच्या, खोकला दक्षाचा.

दक्षाही काही कच्च्या मडक्याची नव्हती. तलासरीपलीकडच्या, गुजरातला टेकलेल्या पाड्यातली पोर. धूर दिसला की ती ओट्यावर टेबलफॅन आणायची आणि त्याचं तोंड पश्चिमेला करून सुरू करायची. दोन्हीकडून ढकललेला धूर शेवटी मधल्या आंब्यावर चढून बसायचा. डास तेवढे दोन्ही अंगणांत मिळूनमिसळून राहायचे. त्या दोन घरांत मिळूनमिसळून राहणारं तेवढंच उरलं होतं.

"भाभी, आमच्याकडे डास नाय राहिले हां," दक्षा पंख्याआडून म्हणायची. "सगळे खोकून मेले."

"मग खोकतेस ती तू कशाला?" भारती घमेल्यात आणखी पाला टाकायची.

पूर्वी हे अंगण एकच होतं. थोरला सुदाम आणि धाकटा मिथुन, दोघांची घरं समोरासमोर, मध्ये त्यांचा म्हातारा बाप काकड्या आंब्याखाली बाज टाकून. म्हातारा शेवटची दोन वर्षं जेवला धाकट्याकडे आणि मेला थोरल्याच्या ओट्यावर. विडी ओढायला म्हणून आला, भिंतीला टेकला, तो उठलाच नाही. तेव्हापासून भारतीच्या डोक्यात एक हिशेब पक्का होता: दोन वर्षांच्या भाकऱ्या दक्षाच्या खात्यावर जमा, शेवटचा श्वास आपल्या. आणि भाकरी कोणीही घालतं, श्वास सोडायला माणूस आपलं घर बघतो.

भांडण लागलं ते त्याच्या कार्यावरून. गावजेवणाच्या दिवशी पुढे पाटावर कोणी बसायचं? थोरला म्हणून सुदामने, की सांभाळलं म्हणून मिथुनने? भाऊ बोलले कमी, जावा बोलल्या जास्त. कार्य राहिलं आणि अंगणात बांबूचं कुंपण आलं.

कार्य राहिलं म्हणून मडकंही राहिलं. त्या घराची जुनी रीत अशी की माणूस गेलं की त्याच्या नावाचं पोटाळं मडकं अर्धं जमिनीत पुरायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि त्यात रोज पाणी घालायचं. गेलेला जीव कार्य होईपर्यंत घराभोवतीच असतो, त्याला तहान लागते. मडकं रिकामं पडू द्यायचं नाही, त्यातलं पाणी एकटीने ओतायचं नाही. सुनांनी भरायचं आणि सगळ्या सुनांनी एकत्र हात लावून ओतायचं, मग तिथल्या तिथे फोडायचं. मडकं पुरलं होतं आंब्याच्या मुळाशी. भारतीने कुंपण घालताना बांबू हातभर पलीकडे रोवून ते आपल्या बाजूला घेतलं, आणि पहिल्याच दिवशी दक्षाला बजावलं, "म्हाताऱ्याच्या पाण्याला हात लावायचा नाय तू. मी आहे थोरली."

"नाय लावत ने," दक्षा म्हणाली होती. तेवढंच.

रोज सकाळी भारती केस बांधून, चप्पल काढून, तांब्याभर पाणी मडक्यात घालायची. घालताना जरा खाकरायची, म्हणजे पलीकडे ऐकू जावं.

आता या सगळ्यात डासांचं एवढं काय, असं कोणी विचारेल. रानात राहणाऱ्याला डास नवे नाहीत. पण गेल्या वर्षी याच दिवसांत, भात पोटरीला आलं असताना, भारतीच्या शितलला डेंगी झाला होता. दहा वर्षांची पोर आठवडाभर डहाणूच्या दवाखान्यात सलाईन लावून पडली. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा भारतीने बोलणंच सोडलं होतं, आणि भारती बोलत नाही म्हटल्यावर सुदामला पहिल्यांदा भीती वाटली. पोर वाचली. घरी सोडताना डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "या वेळी निभावलं. दुसऱ्यांदा झाला तर जड जाऊ शकतो. डास चावू देऊ नका."

डास चावू देऊ नका. हे सांगायला सोपं. पण भारतीने ते हुकमासारखं घेतलं. या वर्षी पाऊस ओसरताच तिने आपलं अंगण असं झाडून काढलं की कोंबड्यांनाही ओळखू येईना. करवंट्या जाळल्या. जुना टायर सुदाम झोका करणार होता, तो भंगारवाल्याला दिला. लाकडांवरच्या ताडपत्रीच्या घड्यांत पाणी साचायचं, ती ताणून बांधली. कुंपणाच्या बांबूंची तोंडं पोकळ, त्यांत पाणी राहतं, म्हणून प्रत्येकात चिखल ठासला. पिंपावर जुनं लुगडं दोरीने आवळलं. शितलला भर उन्हात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायला लावला.

तरी डास होतेच. आणि ते रात्रीचे भुणभुणणारे नव्हेत. दिवसाढवळ्या पायाशी येणारे, काळे, पायांवर पांढरे पट्टे असलेले. गेल्या वर्षी दवाखान्याच्या भिंतीवर चित्र होतं ते तेच.

माझ्या अंगणात पाणी नाही, म्हणजे पाणी कोणाच्या अंगणात आहे, हा हिशेब करायला भारतीला वेळ लागला नाही. दक्षाच्या ओट्यावर काचेच्या बाटल्यांची रांग होती, प्रत्येकीत पाणी आणि प्रत्येकीत मनीप्लांटचा वेल. मिथुन उंबरगावला कंपनीत जायचा, तिथल्या कोणाच्या घरी बघून दक्षाने हे सुरू केलं होतं.

"वेल जमिनीत लावतात," भारती कुंपणावरून म्हणाली. "पाण्यात प्रेत सोडतात."

"बघायला गोड वाटतं ने, भाभी. तुमच्याकडे बघायला काय आहे?"

दुसऱ्या दिवशी भारती उपकेंद्रात गेली आणि आरोग्यसेवक नविनला घेऊनच आली. नविन तरुण, हातात बॅटरी, पाठीवर पिशवी, आणि चेहऱ्यावर जावांच्या भांडणात सापडलेल्या माणसाचा भाव. भारतीने त्याला आधी आपलं अंगण दाखवलं, पाहुण्याला नवं घर दाखवावं तसं. नविन पिंपात वाकला, बांबू बघितले, मान डोलावली. मग आंब्याकडे वळला.

"तिकडे नको," भारती म्हणाली. "ते आमच्या म्हाताऱ्याचं आहे. तिथे चपलेचा पाय चालत नाय."

"चप्पल काढतो."

"परक्या माणसाचा पायच चालत नाय. तू पलीकडे चल, खरं ते पलीकडे आहे."

नविनने खांदे उडवले आणि दक्षाच्या ओट्यावर गेला. बाटल्यांवर बॅटरी मारली. तिसऱ्या बाटलीपाशी थांबला. "हे बघा, ताई."

भारती कुंपण ओलांडून आली होती, कधी आली ते कोणालाच कळलं नाही. बाटलीत मुळांमध्ये दोन-तीन बारीक किडे वाकत, सुटत, पुन्हा वाकत वर येत होते.

"याच अळ्या," नविन म्हणाला. "आठवडाभरात याचे डास. आणि नुसतं पाणी ओतून नाय चालत. अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात, परत पाणी घातलं की परत चालू. घासून काढायचं, नाहीतर भांडंच ठेवायचं नाय."

"ऐक," भारती दक्षाला म्हणाली. "नीट ऐक. माझ्या पोरीच्या रक्तावर तुझे वेल वाढत होते."

दक्षा बाटल्यांकडे वळली. तिने एकेक बाटली उचलली, पाणी ओट्याखाली ओतलं, वेल उकिरड्यावर टाकले. हिरवे, चांगले हातभर वाढलेले वेल. बाटल्या घासून पालथ्या घातल्या. भारती शेवटची बाटली पालथी होईपर्यंत उभी राहिली. त्या संध्याकाळी तिने धूर केला नाही. जिंकलेल्या माणसाला परवडतं.

पण डास गेले नाहीत.

आठवडा गेला, आणखी काही दिवस गेले. एका सकाळी भारती नेहमीसारखी तांब्या घेऊन आंब्याखाली वाकली आणि मडक्याच्या तोंडातून एक डास उठून तिच्या मनगटावर बसला. तिने मारला. उचलून बघितला. पायांवर पांढरे पट्टे.

ती तांब्या हातात घेऊन तशीच बसली. मग घरातून बॅटरी आणली आणि मडक्यात उजेड पाडला. बाटलीत दोन-तीन होते. इथे मोजायची सोय नव्हती. सगळं पाणी वळवळत होतं. वर्षभराहून जास्त काळ रोज घातलेलं, कधी न उपसलेलं, आंब्याच्या पानांनी गडद झालेलं पाणी, आणि त्यात तिचे स्वतःचे, तिने रोज सकाळी खाकरून पाजलेले डास.

तिने पहिली गोष्ट केली ती ही की पलीकडे बघितलं. दक्षाचा ओटा रिकामा होता.

मडकं झाकावं? म्हातारा पिणार कुठून? रॉकेल ओतावं? सासऱ्याच्या पाण्यात? नविनकडून औषधाचे थेंब मागावेत? म्हणजे नविनला कळणार, नविनला कळलं की सगळ्या पाड्याला कळणार. एकटीने ओतावं तर म्हाताऱ्याला तहानलेला हाकलल्याचं पाप. आणि दोघींनी ओतायचं तर... ते वाक्य भारतीने मनातही पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती चहाची गाळणी घेऊन आंब्याखाली बसली. गाळणी मडक्यात घालायची, फिरवायची, वर काढून मातीवर आपटायची. पाणी म्हाताऱ्याचं म्हाताऱ्यापाशी, अळ्या तेवढ्या बाहेर. रीतही मोडत नाही. स्वतःच्या हुशारीवर ती खूष होती.

"भाभी," कुंपणापलीकडून आवाज आला, "सासऱ्यांना चहा देताय? साखर कमी टाका, त्यांना सोसत नव्हती. दोन वर्षं मीच द्यायची ने, म्हणून माहीत."

भारतीचा हात मडक्यातच राहिला. "पाला पडला होता. काढत होते."

"हो ने. पाला वळवळतो कधी कधी."

"तुला माहीत होतं?"

दक्षा कुंपणाला टेकली. "मला काय माहीत असणार? मला तर हात लावायचा नाय. बघायचा तरी हक्क कुठे?"

तिला माहीत होतं. नविन आला तेव्हाही माहीत होतं, वेल टाकताना माहीत होतं. आणि ती गप्प बसली होती. भारतीने हेही लिहून ठेवलं, मनातल्या मनात, ठळक. पण त्या पानावर दुसऱ्या बाजूला काय लिहायचं हे तिला ठाऊक होतं, म्हणून ते पान तिने चटकन उलटलं.

गाळणी चालू राहिली. डासही चालू राहिले. अंडी काठाला चिकटतात, असं नविनने दक्षाला सांगितलं होतं. ऐक, नीट ऐक, असं भारतीनेच म्हटलं होतं.

मग एका दुपारी शितल शाळेतून आली ती दप्तर न काढता चटईवर आडवी झाली. भारतीने कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. तिने पोरीचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पायांवर पुरळ शोधलं, पुन्हा हिरड्या बघितल्या.

"दुखतं कुठे?"

"डोकं. आणि घसा."

सुदामने मोटरसायकल काढली. डहाणूला रक्त काढलं, गोळ्या दिल्या. कागद उद्या मिळेल, तोवर पाणी पाजत राहा, असं सांगितलं. परतताना भारती मागे बसली होती, मध्ये शितल. वाटभर पोरीच्या पाठीची ऊब तिच्या पोटाला लागत होती, आणि ती एकच गोष्ट बघत होती: घरी ओट्यावर पोर झोपेल, आणि ओट्यापासून आंबा किती जवळ आहे.

घरी येताच तिने शितलला मच्छरदाणीत घातलं आणि सरळ कुंपण ओलांडून दक्षाच्या दारात गेली. सासू बुधीबाई तिथेच तांदूळ निवडत बसली होती. म्हातारी आठवडाभर इकडे, आठवडाभर तिकडे राहायची आणि दोन्हीकडे दुसरीकडचं जेवण चांगलं असल्याचं सांगायची.

"आई," भारती सासूला म्हणाली, कारण दक्षाला म्हणणं जमेना. "मडकं ओतलं तर चालेल? कार्याआधी?"

"ओत की. कार्य काय, होईल तेव्हा होईल." बुधीबाईने एक खडा वेचून टाकला. "पण दोघींचे हात पाहिजेत. एकटीने ओतलंस तर तो तहानलेला भटकेल, आणि तुझ्याच ओट्यावर येऊन बसेल. तिथली जागा त्याला माहीत आहे."

दक्षा भाजी चिरत होती. विळीवरून उठली नाही.

"ऐकलंस ना?" भारती म्हणाली.

"काय ऐकायचं? मी त्या पाण्याला हात लावायचा नाय. तुम्हीच म्हणालात. तुमचा शब्द मोडायला मी कशाला मदत करू?"

"शितलला ताप आहे."

विळीवरचा हात क्षणभर थांबला. दक्षाने मान वर केली, भारतीकडे नाही, दारातून समोरच्या ओट्याकडे, जिथे मच्छरदाणी दिसत होती. मग पुन्हा भेंडी चिरायला घेतली, पण तुकडे वाकडे पडत होते.

"माझे वेल पण होते," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर टाकायला लावले."

"अळ्या होत्या त्यात."

"होत्या. दोन-तीन होत्या. आणि तुमच्यात?"

भारतीने समोरच्या मच्छरदाणीकडे बघितलं.

"कार्याला पुढे मिथुन बसेल," दक्षा म्हणाली. "आईंच्या समोर बोला. आणि का बसेल ते पण बोला. मग लावते हात."

बुधीबाईने सूप खाली ठेवलं. एवढं मनोरंजन तिला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

भारतीने दाराची चौकट धरली. हे वाक्य तिने कितीदा रोखून धरलं होतं, त्यासाठी कुंपण घातलं होतं, धूर केला होता. "मिथुन बसू दे," ती म्हणाली. "भाकरी त्याच्या घरची होती."

"कोणी भाजलेली?"

"चुलीने," भारती म्हणाली. मग दक्षा तशीच बघत राहिली तेव्हा, दात आवळून, "तू. तू भाजलेली. उठ आता."

मडकं मातीत घट्ट बसलं होतं. दोघींनी भोवतालची माती उकरली, एकमेकींच्या बोटांना बोट लागणार नाही अशा बेताने. मग दोन बाजूंनी पकडून हलवून हलवून वर काढलं आणि कलतं केलं. काळपट पाणी भळभळत बाहेर आलं आणि कोरड्या मातीवर पसरलं. त्यात इतकं वळवळत होतं की बुधीबाईसुद्धा एक पाऊल मागे सरली. दोन्ही घरच्या कोंबड्या धावत आल्या आणि कोणाच्या अंगणातलं हे न विचारता टिपायला लागल्या.

"आता दगडावर सोडा," बुधीबाई म्हणाली. "एकदम."

दोघींनी मडकं दगडावर धरलं. दोघींपैकी कोणी सोडेना. आधी सोडेल ती आधी नमली, असं रीतीत कुठेही नव्हतं. पण दोघींनाही ते ठाऊक होतं.

"हात भरून येतील तुमचे," म्हातारी म्हणाली. "मी बसू का जरा?"

तेवढ्यात एक डास आला आणि भारतीच्या कोपरावर बसला. दक्षाने तो बसताना बघितला. बसून, पाय टेकून, सोंड रोवताना बघितला. बोलली नाही. भारतीचा हात आपोआप सुटला, चापट कोपरावर, आणि मडकं दगडावर. दक्षाने मग आपला हात सावकाश मागे घेतला, शेवटी सोडणाऱ्या माणसाने घ्यावा तसा.

संध्याकाळी सुदामला हे कळलं. भारतीला वाटलं होतं तो चिडेल, थोरलेपण गेलं म्हणून. तो म्हणाला, "बरं झालं. माझे गुडघे दुखतात. मांडी घालून कोण बसणार एवढा वेळ?" भारती त्याच्याकडे बघतच राहिली. वर्षभर ती कोणाचा किल्ला लढवत होती?

दुसऱ्या दिवशी डहाणूहून कागद आला. डेंगी नव्हता. घसा सुजला होता, त्याचा ताप. शाळेबाहेर कच्च्या चिंचा खाल्ल्याचं शितलने मग कबूल केलं.

भारती आधी मोरीत जाऊन रडली. तोंड धुतलं. मग बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि हिशेब मांडला. पोरीला डेंगी नव्हता. म्हणजे काल घाई नव्हती. म्हणजे पुढचा पाट, थोरलेपण, भाकरीचं कबूल करणं, सगळं एका कच्च्या चिंचेपायी गेलं. मडक्यातून ओतलं ते तिने पाहिलं होतं, कोंबड्यांनी किती वेळ टिपलं तेही. पण ते तिने हिशेबात धरलं नाही. आपला हिशेब आहे, काय धरायचं ते आपण ठरवावं.

चार दिवसांनी परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली. पाऊस थांबल्यावर भारतीला खापरांची आठवण झाली. मडकं फुटलं तेव्हा ती दोन्हीकडे उडाली होती. आपल्या बाजूची खापरं तिने त्याच दिवशी उचलली होती, दक्षाने तिच्या बाजूची. एकच राहिलं होतं, पोटाकडचं, वाटीसारखं खोल, नेमकं कुंपणाच्या रेषेवर पडलेलं. ते हिने उचलायचं की तिने, हा प्रश्न दोघींनीही दुसरीवर सोडला होता. आता त्यात पाणी साचलं असणार.

ती आंब्याखाली गेली. खापर पालथं घातलेलं होतं. भोवतीची माती ओली, खापराखालची कोरडी. म्हणजे पावसाआधीच कोणीतरी पालथं केलं होतं. ओल्या मातीत, कुंपणाच्या त्या बाजूला, चपलेचा ठसा नव्हता. पावसाने पुसला असेल, पण भारतीला ठशाची गरज नव्हती.

हे बरं नव्हतं. हे दक्षाच्या खात्यावर चढत होतं, आणि शितलच्या नावावर चढत होतं. अशी जमा भारतीला झोप येऊ देणार नव्हती.

तिने इकडेतिकडे बघितलं. वाकली, खापर उचलून सुलटं केलं, एक क्षण तसंच राहू दिलं. मग आपल्या हाताने, नीट दाबून, पुन्हा पालथं घातलं आणि हात झटकून उठली.

"भाभी," पलीकडच्या ओट्यावरून आवाज आला. दक्षा एका कुंडीत माती भरत होती. शेजारी उकिरड्यावरून परत आणलेला एक वेल पडला होता, पिवळट, पण जिवंत. "दोनदा पालथं घातलं की डास दुप्पट मरतात काय?"

"तुझ्या वेलाला पाणी कमी घाल," भारती म्हणाली, आणि घमेलं शोधायला घरात गेली.